एकट्यापुरतं गरम जेवण

सदर इसमाचे नाव एत्तोरे कपुआनो. लिंग पुरुष. वय एकोणऐंशी वर्षे चार महिने. वैवाहिक स्थिती विधुर. वास्तव्य दक्षिण फिलाडेल्फियातील सोळा फूट रुंद, दुमजली, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींनी तोलून धरलेल्या घरात, जन्मापासून. उंची पाच फूट चार इंच. पूर्वी पाच फूट सहा इंच होती असे इसम सांगतो, पुरावा सादर केलेला नाही. श्रवणशक्ती: उजव्या कानाने सर्वांचे ऐकतो, डाव्या कानाने मुलगी वगळून सर्वांचे. ओळखीची खूण: दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तेल उडून पडलेले बारीक चट्टे, संख्या मोजलेली नाही. पूर्वीचा व्यवसाय: तव्यावर मांस परतणे, एकेचाळीस वर्षे, तवा एकच. सांप्रत व्यवसाय: दारापुढच्या पायरीवर बसणे. प्रश्न क्रमांक चौदा, ‘स्वतःपुरते एक वेळचे गरम जेवण स्वतः बनवून खाता येते काय?’ : निर्णय प्रलंबित.

हा प्रश्न क्रमांक चौदा आमच्या गल्लीत फेब्रुवारीत आला, आगीच्या बंबाबरोबर. एत्तोरेने सूपचं भांडं शेगडीवर ठेवलं होतं आणि सूप गरम होईपर्यंत म्हणून तो पायरीवर येऊन बसला होता. समोर एक परगावचा माणूस गाडी लावत होता. अशा वेळी उठून आत जाणं आमच्याकडे कोणालाच जमत नाही. चौदाव्या प्रयत्नात गाडी लागली, एत्तोरेने टाळ्या वाजवल्या, आणि तोपर्यंत सूप आटून, भांडं काळं पडून, शेजारी टांगलेलं फडकं पेटलं होतं. नुकसान म्हणाल तर एक भांडं आणि एक फडकं. पण बंब आला की बातमी नदीपलीकडे जाते, आणि नदीपलीकडे, न्यू जर्सीत, चेरी हिलला, एत्तोरेची मुलगी रोझान राहते.

रोझान वाईट नाही. तिचं घर मोठं आहे, पुढे हिरवळ आहे, खालच्या मजल्यावर बापासाठी खोली रंगवून तयार आहे. दारापुढे पायऱ्याही आहेत. फक्त त्यांच्यावर कोणी बसत नाही. एत्तोरे एकदा बसला होता तर शेजारच्या बाईंनी गाडी थांबवून विचारलं होतं, “बरं वाटत नाहीये का? कोणाला फोन करू?”

तर बापलेकीत शेवटी करार झाला. वृद्धांसाठी घरी येऊन परीक्षा घेणारं एक कार्यालय आहे. त्यांची बाई येईल, समोर बसून बघेल. एत्तोरेने स्वतःपुरतं गरम जेवण नीट, सुरक्षितपणे बनवून खाल्लं तर रोझान वर्षभर चेरी हिलचं नाव काढणार नाही. नाहीतर मुकाट्याने सामान बांधायचं.

गल्लीला ही परीक्षा म्हणजे बिशपला क्रूसाची खूण कशी करतात ते विचारण्यासारखी वाटली. नवव्या रस्त्याच्या आसपास तव्यामागे उभं राहून ज्याने रोज चारशे सँडविच केली, त्याला एक करता येतं का म्हणून विचारताहेत! पण गल्लीच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. त्या चारशेंपैकी एत्तोरेने एकही खाल्लं नव्हतं. त्याची बायको लीना रोज पत्र्याच्या डब्यात मटार घातलेली मॅकरोनी द्यायची. ती तो दुकानामागे पालथ्या खोक्यावर बसून खायचा. लीना गेल्यापासून सकाळी दुधातलं कोरडं धान्य, आणि बाकी शेजारणी आणून देतील ते.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी अकरा वाजता परीक्षक बाई आल्या. मिस यवॉन ट्रॅपनेल, राहणार पश्चिम फिलाडेल्फिया, चाळिशीच्या, बिनहसऱ्या, हातात फॉर्म आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं सेकंदाचं घड्याळ.

“पंचेचाळीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “माणूस एक, म्हणजे तुम्ही. बनवायचं, खायचं, गॅस बंद करायचा. मी मदत करणार नाही आणि शक्यतो बोलणारही नाही.”

“गिऱ्हाईक असंच असावं,” एत्तोरे म्हणाला.

रोझान टेबलापाशी हाताची घडी घालून बसली.

एत्तोरेने दोन शेगड्यांवर आडवा बसणारा जाड लोखंडी तवा चढवला. बरगडीजवळचं मांस त्याने सकाळीच बर्फात घट्ट करून ठेवलं होतं. त्याचे काप असे निघाले की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. कांदा बारीक चिरून तेलावर टाकला. तो पारदर्शक झाला तसं मांस टाकलं, मीठ टाकलं, आणि दोन हातांत दोन उलथनी घेऊन तव्यावर असा ताशा सुरू केला की रोझानच्या कपातली कॉफी थरथरली. वर प्रोव्होलोन चीजच्या चकत्या. त्यावर मधून चिरलेला लांब पाव पालथा, म्हणजे वाफेने तोही मऊ होतो. मग खालून उलथनं सारून सगळं एका झटक्यात उलटं, कागदात गुंडाळलं, टोकं दुमडली. चार मिनिटं. मिस ट्रॅपनेलने काहीतरी लिहिलं, आणि ते वाईट नसावं.

एत्तोरेने पुडी त्यांच्या नाकासमोर धरली. “हं, पुढचा!”

“मिस्टर कपुआनो, हे तुमचं आहे.”

“माझं कसं? मी कुठे मागितलं?”

“पप्पा, खा ना ते!” रोझान म्हणाली.

“दुसऱ्याचं कसं खाऊ?”

“कोणाचं दुसऱ्याचं?”

“ज्याने मागितलं त्याचं.”

“कोणीच मागितलेलं नाहीये!”

“मग मी बनवलं कशाला?”

या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. तेवढ्यात मागच्या बोळात उघडणाऱ्या खिडकीतून आवाज आला. शेजारची फिलोमिना, वय एक्याऐंशी, हातात कपडे वाळत घालायचे चिमटे.

“एत्तोरे! दुकान उघडलंस की काय रे मेल्या? कांद्याचा वास थेट माझ्या चादरींना लागलाय.”

“बोला!” एत्तोरे म्हणाला. एकेचाळीस वर्षं खिडकीत तोंड दिसलं की त्याच्या तोंडून हेच निघतं.

“प्रोव्होलोन, कांद्यासकट.”

पुडी खिडकीतून बाहेर गेली. एत्तोरेचा चेहरा प्रथमच खुलला.

“दहा मिनिटं झाली,” मिस ट्रॅपनेल म्हणाल्या.

त्याने दुसरं करायला घेतलं. पण फिलोमिना ही बाई बोळात उभी राहून गरम सँडविच गुपचूप खाणाऱ्यांपैकी नाही. शेजारच्या छपरावर डांबर ओतणारे तिघे शिडीवरून खाली उतरले. टपालवाली बाई पिशवी खांद्यावर टाकून आली. कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारे लुओंग आणि त्यांची बायको आली. मीही गेलो, शास्त्रीय कुतूहल म्हणून. कोणी काही न सांगता खिडकीपुढे रांग लागली, कारण आमच्याकडे तीन माणसं एका भिंतीशी उभी राहिली की रांगच होते.

“पप्पा, परीक्षा चाललीय!”

“रांग लागलीय रोझी. दिसत नाही का तुला?”

डांबरवाल्यांपैकी एक परगावचा असावा. तो म्हणाला, “माझ्यासाठी जरा ते, म्हणजे, तुमच्याकडे कोणकोणतं...”

“पुढचा!” एत्तोरे म्हणाला, आणि तो मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिला. चीजचं नाव आणि कांदा हवा की नको, एवढंच बोलायचं. त्यापुढे शब्द गेला की टोकाला जायचं. याबद्दल आमच्या भागात कधी कोणाची तक्रार ऐकलेली नाही.

अठराव्या मिनिटाला तीन सँडविच झाली होती आणि एत्तोरेच्या पोटात एकही नव्हतं. रोझानने पर्समधून चेरी हिलच्या खोलीचे फोटो काढून टेबलावर मांडले. मिस ट्रॅपनेलने घड्याळाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि न बोलण्याचा निश्चय मोडला.

“मिस्टर कपुआनो, तुमच्या दुकानात माणसाला सँडविच मिळायचं कसं?”

“खिडकीशी यायचं. सांगायचं. घ्यायचं.”

“मग तुम्ही खिडकीशी गेला होतात का?”

एत्तोरेची उलथनी हवेतच थांबली. मग त्याने हात पुसले, कमरेचा ॲप्रन सोडून खुंटीला लावला, मागच्या दाराने बोळात आला आणि रांगेच्या शेवटी, माझ्याही मागे, परगावच्या डांबरवाल्याच्याही मागे जाऊ लागला. मी त्याला हात धरून पुढे घेतलं तर त्याने हात सोडवून घेतला. शेवटी टपालवाली म्हणाली, “मिस्टर कपुआनो, तुम्ही माझ्या आधीच आला होतात, मी बघितलंय.” हे धडधडीत खोटं होतं, पण साक्षीदार सरकारी असल्यामुळे त्याने ते मान्य केलं आणि तो तिच्यापुढे उभा राहिला. त्याच्यापुढे लुओंग नवराबायको.

“पप्पा, पुढे व्हा!” रोझान खिडकीतून ओरडली. “घर तुमचंच आहे!”

“एकदा एक महापौर आला होता,” एत्तोरे म्हणाला. “तोसुद्धा टोकाला उभा राहिला.”

रांग दोन मिनिटं जागची हलली नाही.

“एत्तोरे,” फिलोमिना खात खात म्हणाली, “आत कोण आहे रे?”

आत कोणी नव्हतं. हे लक्षात आल्यावर एत्तोरे टपालवालीला “माझी जागा धरा हं” म्हणून आत धावला, ॲप्रन बांधला, लुओंगबाईंचं केलं, ॲप्रन सोडला, बाहेर येऊन जागेवर उभा राहिला. पुन्हा आत, लुओंगचं, पुन्हा बाहेर. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस इतका पळू शकतो ही नोंद मिस ट्रॅपनेलने समासात केली.

मग त्याची पाळी आली. तो खिडकीशी उभा राहिला. खिडकी रिकामी. तो आत गेला, खिडकीतून वाकून “बोला!” म्हणाला, बाहेरची जागा रिकामी. बाहेर आला. तोंड उघडलं, मिटलं. कोणतं चीज? आजवर त्याने हा प्रश्न लाखो लोकांना विचारला होता आणि त्याला कोणी विचारला नव्हता. तो उभा राहिला. नुसता उभा राहिला. आणि मग आपणच आपल्याला म्हणाला, “पुढचा!”

आणि माझ्या मागे, डांबरवाल्याच्याही मागे जाऊन उभा राहिला.

तीस मिनिटं झाली होती. टपालवालीने “माझं राहू दे, तुम्ही घ्या” म्हटलं, मी म्हटलं, डांबरवाल्याने म्हटलं. त्याने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही गप्प आपापली मागणी सांगितली. तिघांची त्याने आत जाऊन एकदमच तव्यावर टाकली, कारण तवा रिकामा ठेवणं त्याला बघवत नाही. चौतीस मिनिटं.

आता बोळात रांग म्हणजे एकटा एत्तोरे होता. खिडकी रिकामी होती. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. बंब आला होता तेव्हाही ती नव्हती.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रोझान उठली, फोटो तिथेच टाकून खिडकीत आली, दोन्ही कोपरं चौकटीवर टेकली, आणि हुबेहूब बापाच्या आवाजात, बापाच्याच तुसडेपणाने म्हणाली, “बोला!”

मिस ट्रॅपनेलने पेन उचललं. थोडा विचार केला. मागणी विचारणं म्हणजे मदत नव्हे, असं ठरवून त्यांनी ते खाली ठेवलं.

एत्तोरे म्हणाला, “प्रोव्होलोन. कांदा नको.”

फिलोमिनाचा घास तोंडातच राहिला. ज्याच्या कोटाला, गाडीला, चर्चमधल्या बाकालासुद्धा कांद्याचा वास येतो असा हा माणूस.

“कांदा नको?” रोझान आपल्या मूळ आवाजात म्हणाली. “पप्पा, तुम्हाला कांदा आवडत नाही? इतकी वर्षं? आईला माहीत होतं?”

“रोझी,” एत्तोरे म्हणाला, “रांग खोळंबते.”

मग तो आत गेला. तव्याचा एक कोपरा खरवडून स्वच्छ केला, तिथे कांद्याशिवायचं मांस टाकलं, आणि उरलेला तवा रिकामा दिसत होता म्हणून तिथे कांद्यासकट आणखी दोन टाकली. तीन पुड्या खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या. गॅस बंद केला, दोन्ही चाव्या हाताने चाचपून पाहिल्या, तवा खरवडला, ॲप्रन खुंटीला लावला. बाहेर येऊन आपली पुडी उचलली. रोझान आतून म्हणाली, “पुढचा,” पण हळूच.

ताटली नव्हती, खुर्ची नव्हती. पाय फाकवून, कमरेत वाकून, कोपरं बाहेर काढून, म्हणजे तेल बुटांवर न पडता जमिनीवर पडावं, अशा आमच्या भागातल्या रीतसर पवित्र्यात त्याने पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. तो बराच वेळ चावत राहिला.

“काय रे?” फिलोमिना म्हणाली.

“मीठ कमी आहे,” एत्तोरे म्हणाला. “पण पहिल्याच खेपेला बरं आहे.”

शेवटचा घास संपला तेव्हा त्रेचाळीस मिनिटं, चाळीस सेकंद. रोझानने टेबलावरचे फोटो गोळा करून पर्समध्ये टाकले, कठड्यावरची एक पुडी उचलली, आणि सिंकपाशी उभं राहून खाऊ लागली. ती कोणाकडे बघत नव्हती.

फॉर्मवर जे लिहिलं गेलं ते असं: प्रश्न क्रमांक चौदा. उत्तर होकारार्थी. सदर इसमाने एका व्यक्तीपुरते गरम जेवण दिलेल्या वेळेत, कोणाच्याही साहाय्याशिवाय, सुरक्षितपणे बनवून एकट्याने ग्रहण केले. अन्य व्यक्तींचा सहभाग नाही. पुनर्परीक्षण एक वर्षाने.

एकूण अकरा पाव लागले. अकरावा मिस ट्रॅपनेलने गाडीत बसून खाल्ला.