लंगड्या घोड्याचा डबा

दुकानात बसलं की किस्से साचतात. धूळ मी रोज फडक्यानं पुसतो, किस्से काय पुसता येत नायत. सांगायला घरात कुणी नाय, म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली, चुका काढत बसू नका.

गारखेड्यात माझं घर आहे. पुढच्या खोलीला शटर बसवून ती सिल्लोडच्या इम्रानला भाड्यानं दिली. तो तिथं एका व्हिडिओ गेमच्या बाहुल्या विकतो. बाहुल्या म्हणलं की चिडतो. "काका, फिगर बोला!" एकाच गेमचे सहा भाग निघालेत म्हणं. त्यातले तलवारवाले, राक्षस, कीचेन, चहाचे मग. गिऱ्हाईक सगळं मिशीवालं! मी दिवसभर तिथंच बसतो. इम्रानला वाटतं, काका दुकान राखतात. राखतो कसलं! भिंतींशी माणूस किती बोलणार?

*

ईदला इम्रान गावी गेला, चावी माझ्याकडं. बघतो तर सगळा माल डब्यात कोंडलेला. मी शेंद्र्याला कंपनीत बावीस वर्षं पॅकिंगला होतो. डबा लावणं न् उघडणं माझ्या हातचा मळ. चौदा डबे उघडले, एकेक बाहुली पुसली, ओळीत मांडली.

इम्रान आला आणि खालीच बसला. "काका, ये क्या किया! सील फुटलं की माल बाद! शौकीन लोक डबा फोडत नसतात!"

"मग आतलं बघतात कधी?"

"नाय बघत."

"कधीच?"

"कधीच नाय, काका."

मी म्हणलं, "मग आत घोडा असला काय न् गाढव असलं काय!"

*

कुलकर्णी साहेब बँकेतून रिटायर झालेले. प्रत्येक फिगर दोन-दोन घेतात. एक उघडायची, एक तशीच ठेवायची.

मी एकदा म्हणलं, "साहेब, बायका पण दोन केल्या का?"

इम्राननं मला डोळे दाखवले. मला काय म्हाईत, बाई वारलेली!

साहेब हसले. म्हणले, "एकच होती हो. तिथंच चूक झाली."

*

आता त्या घोड्याचं सांगतो. गेमच्या तिसऱ्या भागात एक काळा लंगडा घोडा आहे. मालक पूल ओलांडून निघून जातो, घोडा अलीकडंच राहतो. पुलाकडं तोंड करून उभा. एवढंच. पण ह्यावर मोठमोठे बाप्ये रडलेत! सगळ्यात जास्त मागणी त्याच घोड्याला.

शेंद्र्याकडचे भाऊसाहेब, शेतीबी बघतात, कंपनीतबी जातात. त्यांनी तो घोडा घेतला, उघडला, काचेच्या कपाटात ठेवला. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला, म्हणून पोळ्याला त्यांची आई घरात मातीचे बैल पुजते. भाऊसाहेब ड्युटीवरून घरी गेले तर पाटावर दोन मातीचे बैल आणि शेजारी लंगडा घोडा! कपाळाला कुंकू, तोंडाला पुरणपोळी.

दुसऱ्या दिवशी पळत दुकानात. "इम्रानभाई, कुंकू कशानं निघतं?"

"अम्माँ को बोले नै क्या तुम?"

"बोललो ना! म्हणली, खरे बैल तर तू ठेवले नाय. एवढं एक जनावर राहिलंय घरात, ते काय उपाशी ठेवू?"

*

फरहीन मॅडम शाळेत शिकवतात. सासूपासून लपवून फिगर नेतात. भाजीच्या पिशवीत खाली फिगर, वर मेथी. एक दिवस सासूच दुकानात हजर! इम्रान घाबरला.

सासू खुर्चीवर बसली, दम खाल्ला. "बहू लाती सो काला घोड़ा याँइच मिलता क्या?"

"हौ, खाला..."

"उसका जोड़ीदार दे."

"खाला, वो गेम में अकेलाच है."

खालानं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "अकेला नक्को रे. दिन भर मैं उसके सामने बैठती ना."

दुसरा घोडाच नेला तिनं.

*

एक जण सीलबंद डबा बदलायला आला. इम्राननं बॅटरी मारून सगळीकडनं तपासला. म्हणला, "ओरिजिनल." मी नुसता हातात घेतला.

"आत वीट हाय."

"काका, सील बघा ना!"

"सील वरचं हाय. खालची घडी इस्त्रीनं सोडवून परत चिकटवलीय. भरणाऱ्यानं तराजूत वजन जुळवलं असतं तर मलाबी कळलं नसतं."

उघडला. विटेचा तुकडा! तवापासून इम्रान मला एक्स-रे म्हणतो.

*

आता शेवटचा. माझा संदीप बंगळूरला असतो. कॉलेजात हाच गेम खेळायचा. लंगडा घोडा पहिल्यांदा निघाला तवा त्यानं मागवला होता. तो डबा वरच्या कपाटात आहे, सील तसंच. मी तवा लई ओरडायचो, "घोड्याएवढा झाला न् घोड्याशी खेळतो!" आईचे दिवस करून गेला, त्याला तीन वर्षं झाली. फोन येतो. "सुट्टी नाय, अण्णा."

कुलकर्णी साहेबांनी तो डबा धा येळा मागितला. दिला नाय. डबा इथं हाय तवर पोरगं कधीतरी घ्यायला येईल, असं माझं गणित.

दिवाळीच्या तोंडावर फोन आला. मला वाटलं, येतोय.

"अण्णा, घोड्याचा डबा इम्रानला कुरियर करायला सांगा. सील तेवढं जपा."

"तूच ये की घ्यायला."

"त्याच्यासाठी कशाला, अण्णा? कुरियर तीन दिवसांत येतं!"

"बरं," म्हणलं.

इम्रानला सांगितलं, पॅकिंग मी करतो. इस्त्री तापवली. खालची घडी सोडवली. घोडा काढला, टीव्हीवर ठेवला, दाराकडं तोंड करून. त्याच्या वजनाची ज्वारी तराजूत तोलली, फडक्यात गच्च बांधली, आत ठेवली. वर चिठ्ठी, चौथीतल्या अक्षरात: 'संदीप, घोडा इथंच आहे. न्यायला ये. अण्णा.' मग घडी बंद केली. बावीस वर्षांत इतकं साफ काम हातून झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी फोन. लई दिवसांनी पोरगं इतकं खुशीत बोललं.

"अण्णा, पोचला! सील जसंच्या तसं! एक नंबर!"

"उघडून बघ की एकदा."

"काय अण्णा तुम्ही पण! हा डबा मी जन्मात उघडणार नाय!"