स्वच्छ स्क्रीन आणि न दिसलेली होडी

नारळी पौर्णिमेनंतरचा सोमवार. विषय नऊ लाखांच्या नव्या मास्टचा, म्हणजे अँटेनाच्या उंच खांबाचा. धक्क्यावरच्या रडारच्या खोलीत हजर तिघं: लाँच-सेवा चालवणाऱ्या कंपनीचे मॅनेजर पाटकर, त्यांचा रडार ऑपरेटर राणे आणि रडारचा सर्व्हिस इंजिनीअर म्हणून मी.

आदल्या आठवड्यात धक्क्यापासून अर्ध्या किलोमीटरवर त्यांची लाँच एका मच्छीमार होडीवर आदळता आदळता वाचली, तीही लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या नजरेस होडी पडली म्हणून. रडारच्या खोलीतून वायरलेसवर कुणी काही कळवलंच नव्हतं. लालबागच्या राणेवर ड्युटीवर झोपल्याचा ठपका आला. पगार थांबवून त्याला घरी बसवलं होतं.

"मी झोपलेलो नाय, सर," राणे मला म्हणाला. "स्क्रीनवर होडी नव्हतीच."

"पाण्यावर होती ना?" पाटकर म्हणाले. "एक तर हा झोपला, नाहीतर तुमचं रडार. अँटेना उंच करून घेतो, ह्याला काढतो. विषय संपला."

"काढायचं ते नंतर काढा. आधी स्क्रीन बघू," मी म्हटलं.

बाहेर समुद्र खवळलेला होता आणि स्क्रीन काळीभोर, स्वच्छ. तिथेच मला शंका आली.

आमच्या गिरगाव चौपाटीवर सूर्य मावळताना लाटांचे माथे चमकतात आणि मधले खोलगट भाग काळे दिसतात. धक्क्यावरचं रडारही समुद्राकडे असंच खालून, तिरपं बघतं. त्याच्या लहरी माथ्यांवर आपटून परत येतात, आणि प्रत्येक माथा स्क्रीनवर ठिपका होतो. लाकडी होडीचा ठिपकाही तेवढाच असतो. ही गर्दी कमी करायला ‘सी’, म्हणजे समुद्र, नावाचा नॉब असतो. तो जवळच्या पाण्यापुरती रडारची संवेदनशीलता कमी करतो. फार फिरवला तर लाटांबरोबर होडीही जाते.

नॉब शेवटपर्यंत फिरवलेला होता. वरून सेलोटेप.

"ही टेप कुणी लावली?"

राणेने खिडकीबाहेर पाहिलं. पाटकरांनी चष्मा पुसायला घेतला.

"डायरेक्टर आले होते. म्हणाले, नव्या मशीनमध्ये एवढी घाण कसली? मग मीच राणेला सांगितलं, फिरव आणि तिथेच ठेव."

"ते गेल्यावर तरी काढायची."

"आणि पुन्हा आले असते तर?"

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे जिन्याला रंग लागतो. इथे समुद्रालाच लागला होता.

मी एक होडी भाड्याने घेतली आणि नाखव्याला अर्ध्या किलोमीटरवर थांबायला सांगितलं. टेप काढली, नॉब निम्म्यावर आणला. स्क्रीन ठिपक्यांनी भरली.

"ह्यात होडी कुठली?" पाटकर म्हणाले.

"थांबा."

मी इको अ‍ॅव्हरेज चालू केलं. अँटेना फिरत राहते आणि रडार लागोपाठच्या फेऱ्यांची सरासरी काढतं. लाटेचा माथा दर फेरीला जागा बदलतो, होडी तिथेच राहते. ठिपके हळूहळू विरले. एक उरला.

"ही पण लाटच असेल," पाटकर म्हणाले.

मी फोन स्पीकरवर टाकला. "नाखवा, जरा उत्तरेला घ्या."

ठिपका उत्तरेला सरकला.

"राणे, तुला हे बटण माहीत नव्हतं?" पाटकरांनी विचारलं.

"माहीत होतं, साहेब. पण नॉबने सगळंच पुसल्यावर ते सरासरी कशाची काढणार?"

पाटकर हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. "मग मास्टचं काय?"

"गरज नाही. अँटेना उंच गेली की लाटांवरचा कोन वाढतो आणि जवळच्या ठिपक्यांची गर्दी आणखी होते. नऊ लाख देऊन तुम्ही घाण विकत घ्याल."

खवळलेल्या समुद्रात स्क्रीन स्वच्छ दिसली, तर समुद्रावर विश्वास ठेवावा, स्क्रीनवर नाही. नव्या ऑपरेटरला मी आता हे पहिल्याच दिवशी सांगतो.

मास्टची ऑर्डर निघाली नाही. आमच्या परळच्या ऑफिसला व्हिजिट चार्ज आणि होडीचं भाडं मिळालं. राणेला थांबवलेला सगळा पगार मिळाला, त्या सोमवारचाही.