तिघांमधली एक

"लिम्फोमा," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हंजे गाठींचा कॅन्सर. मानेतली गाठ वांग्याच्या टोपल्या उचलून आली असंन, असं मी वर्षभर धरून चालली होती. कशाची टोपली अन् कशाचं काय!

आमचं आदिलाबादजवळ मावल्याले भाजीचं वावर. मी अन् मालक आदिलाबादहून रेल्वेनं हैदराबादच्या दवाखान्यात जात होतो. बायोप्सी झाली, म्हंजे गाठीचा तुकडा काढून तपासला. मग किमो. दोन औषधं झाली, गाठ हटेना.

तवा बाईंनी फेज वन ट्रायलचं सांगितलं. नवं औषध माणसाले पहिल्यांदा देऊन पाहणं. बाई नांदेडच्या, मराठीत समजावत. "आधी तिघांना थोडं देऊ. त्रास नसला तर पुढच्या तिघांना जास्त. एकालाही मोठा त्रास झाला तर डोस वाढवायचा नाही, तेवढाच आणखी तिघांना देऊन बघायचा." किती माणसं घ्यायची, त्याले सॅम्पल साइज म्हंतात.

"तीनच?" मी म्हटलं. "आमी नवं बी पाहाले याच्याहून जास्त सऱ्या लावतो."

"औषध बाधलं तर थोड्यांनाच बाधावं ना," बाई म्हणाल्या.

मी सही करून पहिल्या तिघांत गेली. दुसऱ्या महिन्यात गाठ लहान झाली अन् बोटं बधिर. भेंडीची बारीक काटेरी कूस टोचेना. ब्लाउजचे हुक मालक लावून देत. बाईंनी विचारलं की मी दर खेपी "बरं हाय" म्हणून मोकळी. आपल्यात तसंच म्हंतात. अन् खरं सांगू? औषध बंद करतील याचं भेव होतं.

एकदा तसंच सांगून बाहेर आली. तिथं निर्मल गावची एक पोरगी बसली होती, लाकडी खेळणे रंगवणारी. ती पुढच्या तिघांतली, दुसऱ्या दिवशीपासून तिले माझ्याहून जास्त डोस होता.

"अक्का, हाथ को कुछ होता क्या? ब्रश पकडना पडता मेरेकू."

तिघांत मी एक. माझं खोटं म्हंजे तिसरा हिस्सा खोटा. "होता," म्हटलं, अन् परत आत गेली.

बाई रागावल्या नाहीत. कधीपासून, कोणतं बोट, सारं लिहून घेतलं. डोस वाढवणं थांबलं. पोरीले सारं सांगून माझ्याएवढाच डोस दिला. माझं औषध बंद झालं.

परतीच्या गाडीत मी लई रडली. मालक चिडले, "काऊन सांगतलं वं? गाठ जिरून राह्यली होती ना!"

"अन् तिचे हात?" मी म्हटलं.

तुमच्यावर अशी पाळी आली तर डॉक्टरपाशी काही लपवू नका. बाई आता नुसतं विचारत नाहीत, पेशंटले समोर बटन लावाले सांगतात.

माझी गाठ अजून हाय, पुढचा स्कॅन बाकी हाय. परवा त्या पोरीचा फोन आला. लाकडी मोराचा डोळा रंगवून राह्यली होती म्हणे.