पाचवा थर

क्लॅरी पेनिकटचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. चहा, पाव, पट्ट्यात पेट्या ओढायचा हूक, आणि सातच्या आत होबार्टच्या धक्क्यावर. मुकादम नावं पुकारी. पुकारलेला कामाला, उरलेला घरी. संपातही तो साडेपाचलाच उठे. हूक मात्र खिळ्यावर राही आणि क्लॅरी बंद फाटकासमोर उभा राही.

सफरचंदाची पेटी चाळीस पौंडांची. क्रेनच्या एका खेपेत नऊ-नऊ पेट्यांचे चार थर, हा धक्क्याचा जुना रिवाज. त्या फेब्रुवारीत कंपनीने पाचवा थर चढवला. तो पेट्यांभोवतीच्या दोराच्या वर यायचा, त्याला धरायला काही नसे. तिसऱ्याच दिवशी वरची पेटी सुटली आणि खाली काम करणाऱ्या सोबत्याच्या, बर्ट क्विल्टीच्या, गळ्याचं हाड मोडलं. त्या दुपारी सगळे जहाजावरून उतरले आणि संप सुरू झाला.

तीन आठवड्यांत धक्क्यावरच्या शेड तुडुंब भरल्या. बागांकडून आलेले ट्रक भरलेलेच माघारी वळत. लंडनचं जहाज वाट बघून रिकामंच गेलं. त्यात क्लॅरीच्या मेव्हण्याच्या, लिंडसेच्या, सहाशे पेट्या जायच्या होत्या. बायको ओलिव्हने भावाचं पत्र क्लॅरीच्या कपाशेजारी उघडं ठेवलं.

मग लिंडसेच फाटकावर आला. हातात देठाशी मऊ पडलेलं सफरचंद.

"वर्षभर राबलोय मी. उचलते क्रेन, तुमचं काय दुखतं रे?"

क्लॅरीने त्याला विचारलं, बागेतल्या शेडमध्ये चळत किती उंच लावतोस. सहा पेट्या, लिंडसे म्हणाला. सातवी का नाही? सातवीने खालचं फळ दबतं.

"मग बर्टला फळाइतकं तरी जप."

"आणि माझी बाग बुडाली तर?"

"बुडेलही. खोटं नाही सांगत. पण सदतिसावी पेटी मी चढवणार नाही. तुझी असली तरी नाही."

लिंडसे हात न मिळवता गेला. त्याचं लवकर पिकणारं फळ सगळं डुकरांना घालावं लागलं.

पाचव्या आठवड्यात कंपनी नमली. चार थर, वर एक पेटी नाही. पुढच्या जहाजात लिंडसेचं उशिराचं फळ आलं, दोनशे पेट्या. क्लॅरीने त्या स्वतः लावल्या, एकही आपटली नाही. एका पेटीची फळी निघालेली होती. फुटकी पेटी वाटून खायची धक्क्यावर रीतच. क्लॅरीने खिळे ठोकून ती जहाजात पाठवली.

पहिला पगार हातात पडला तसा तो बस धरून लिंडसेच्या बागेत गेला आणि एक पेटी मागून तिचे पूर्ण पैसे टेबलावर ठेवले. घरच्या माणसाला विकत नाही, लिंडसे म्हणाला.

"मी फुकट उचलत नाही," क्लॅरी म्हणाला. "ना पेटी, ना पाचवा थर."

मग लिंडसेनेच पेटी उचलून क्लॅरीच्या खांद्यावर दिली. बसथांबा मैलभर लांब होता. क्लॅरीने वाटेत ती एकदाही खाली ठेवली नाही. संध्याकाळी पेटी बर्टच्या ओसरीवर होती.