मौला खानसाम्याची विलायती चिठ्ठी

मौला खानसाम्याकडे साहेबांच्या चौदा चिठ्ठ्या होत्या आणि त्यांतली एकही त्याला वाचता येत नव्हती.

महाबळेश्वरच्या एका बंगल्यात त्यानं बावीस वर्षं काढली. साहेब बदलत, मौला तोच. जाताना प्रत्येक साहेब चार ओळींची चिठ्ठी लिहून देई. ती मौला डोळ्यांना लावून पत्र्याच्या पेटीत ठेवी. लढाई संपल्यावर बंगल्याला कुलूप लागलं, तेव्हा तो ही पेटी घेऊन साताऱ्याला सदरबझारात, बायकोकडे कायमचा राहायला आला. पेटीत चिठ्ठ्यांखेरीज एक पांढरा कोट आणि मुलामा उडालेले काटे, सुऱ्या, चमचे होते. तीन मुली बंगल्यामागच्या खोलीत वाढून, लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. बायको, सुगराबी, तेव्हापासून इथं लोकांच्या गोधड्या शिवत होती. नवऱ्याला दुपारच्या वेळी घरात बसलेला पाहायची तिला सवय नव्हती, आणि ती लागावी अशी तिची इच्छाही नव्हती.

त्याच सुमारास, म्हणजे शेहेचाळीसच्या पावसाळ्यात, यादोगोपाळ पेठेतल्या अण्णा वकिलांच्या अनंताला विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा हुशार. सांगलीला तात्यांकडे, म्हणजे मामाकडे राहून त्यानं बी. एस्सी. केलेलं. पण सरकारनं त्याला नेमून दिलेला विषय होता चामडं कमावण्याचं शास्त्र. घरात बैठक बसली आणि हा शब्द उच्चारायचा नाही असं ठरलं. कुणी विचारलंच तर 'रसायन' म्हणायचं. अनंताच्या आई गोदावरीबाई देवाला साखर ठेवताना मनातल्या मनातसुद्धा 'रसायन' म्हणाल्या.

तयारी सुरू झाली. लोकरीच्या कोटाला माप दिलं गेलं. मेतकुटाचा डबा भरला, लोणच्याच्या बरणीचं तोंड मेणानं बंद झालं. धाकट्या चारुशीलेनं भावाच्या रुमालांवर नावाची अक्षरं भरली. अशात तात्या सांगलीहून आले आणि त्यांनी एक हकिकत सांगितली. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाला बोटीवर काट्या-सुरीनं जेवता येईना. पहिल्याच दिवशी त्याचा बटाटा उडून शेजारच्या मडमेच्या मांडीवर पडला. मग बिचारा लाजेनं केबिनमधून बाहेरच आला नाही. बंदर येईपर्यंत बिस्किटांवर राहिला आणि उतरला तो आजारी होऊन. तात्यांनी बोट कधी चित्रातसुद्धा नीट पाहिलेली नव्हती. पण गोदावरीबाईंच्या डोळ्यांपुढं तो बटाटा असा काही उभा राहिला की त्या रात्रभर झोपल्या नाहीत.

मौलाचं नाव अण्णांच्या कारकुनानं सुचवलं. त्याला स्वयंपाकघरात येऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. ओटीवर अण्णांचं लिहिण्याचं टेबल होतं, त्यावरचे दावे उचलून तिथं चादर अंथरली. चिनी मातीची एक मोठी बशी नवी आणली आणि ती ओटीवरच्या कोनाड्यातच राहील, उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे आधी ठरलं. मौला पांढरा कोट घालून आला. त्यानं कोनाड्याकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं आणि जोडे पायरीखाली काढून ठेवले. बंगल्यातही त्याला काही दारं वर्ज्य होती. त्याला यात नवीन काहीच दिसलं नाही.

शिकवणीच्या बाबतीत मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. बटाटा म्हणजे मटणाची चाप, अळूवडी म्हणजे मासळी आणि आमटी म्हणजे सूप असं ठरवून त्यानं अनंताला सरळ बसवलं. कोपरं बाहेर जाऊ नयेत म्हणून अण्णांची कायद्याची दोन पुस्तकं त्याच्या काखेत दिली. पुस्तक पडलं की घास खाली ठेवायचा. आमटी चमच्यानं आपल्याकडे ओढायची नाही, पुढं लोटून भरायची, असं त्यानं सांगितलं तेव्हा दाराआडून गोदावरीबाई म्हणाल्या की अन्नाला असं लांब ढकलणारी माणसं आपल्यावर दीडशे वर्षं राज्य करतात म्हणजे नवल आहे. मौलानं अनंताला चमचा पुन्हा लोटायला लावला.

खरा वाद चौथ्या दिवशी झाला. अनंतानं बशी नेहमीप्रमाणं स्वच्छ करून ठेवली होती.

"असं न्हाई मालक," मौला म्हणाला. "निम्मं ठेवायचं."

"निम्मं?"

"व्हय. बशी पुसून खाल्ली की समद्यांला कळतं, मानूस भुकेचा हाय. मोठा मानूस निम्म्यावर हात थांबवतो."

पानात शीत टाकायचं नाही, या एका गोष्टीवर गोदावरीबाईंनी दोन मुलं वाढवली होती. अनंत सहा वर्षांचा असताना कारल्याच्या एका फोडीसाठी त्यांनी त्याला दिवेलागणीपर्यंत पाटावर बसवून ठेवलं होतं. त्या दारातून बाहेर आल्या. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मौलानं सांगितलं की बावीस वर्षांत त्यानं एकाही साहेबाची बशी रिकामी उचललेली नाही. अण्णांनी पुराव्याच्या दृष्टीनं खानसाम्याचं म्हणणं ग्राह्य धरलं.

त्या दिवसापासून निम्मा बटाटा बशीत राहू लागला. शिकवणी संपली की मौला तो रुमालात बांधून घेऊन जाई. हे पाहिल्यावर गोदावरीबाईंना सगळा उलगडा झाला. हा निम्मं का ठेवायला शिकवतो ते मला चांगलं कळतं, असं त्या चारुशीलेला म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बशीत वाढायचंच निम्मं, असं त्यांनी सुरू केलं. मौलाचा रुमाल लहान होत गेला.

पंधरा दिवसांनी अण्णांनी पैशाचं विचारलं, तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याला दुसरंच काही हवं होतं. गावाबाहेरच्या सरकारी बंगल्यातला म्हातारा खानसामा होळीनंतर जायचा होता. मौलानं पेटी बगलेत मारून तिथल्या कारकुनाची गाठ घेतली होती. कारकून म्हणाला, गोऱ्यांच्या चिठ्ठ्या आता कोण विचारतो, साहेब आता आपल्यातलेच येणार. आपल्यातल्या कुणाची, पण विलायतेची चिठ्ठी असेल तर बघू.

"तितनं एक चिठ्ठी धाडा मालक," मौला अनंताला म्हणाला. "तितल्या छापील कागदावर. मौलानं शिकवलं आन् उपेगी पडलं, येवढंच."

अनंतानं त्याला शब्द दिला. निघण्याआधी त्यानं पेटीतल्या चौदा चिठ्ठ्या वाचूनही दाखवल्या. सगळ्यांत त्याच्या पुडिंगची तारीफ होती. नाव मात्र एकीतही बरोबर नव्हतं. हे अनंतानं त्याला सांगितलं नाही.

सप्टेंबरात अनंत गेला. मौला दर शुक्रवारी नमाजानंतर यादोगोपाळ पेठेत येऊन पायरीशी उभा राही. कागद आला का, एवढंच विचारी. पत्रं येत होती. थंडीबद्दल, धुक्याबद्दल, लोणच्याबद्दल त्यांत बरंच काही होतं. मौलाबद्दल काही नव्हतं. येईल पुढच्या डाकेला, असं गोदावरीबाई म्हणत. जानेवारीपर्यंत त्यांना ते म्हणायचीही लाज वाटू लागली. शुक्रवार आला की त्या मागच्या दारी काहीतरी निवडत बसत आणि चारुशीलेला पुढं पाठवत.

अशाच एका शुक्रवारी पोस्टमन आणि मौला एकदमच आले. चारुशीलेनं पाकीट तिथंच फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. पुढं काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

अनंतानं लिहिलं होतं की एवढे दिवस सांगायचा धीर झाला नाही. बोटीवर सगळं ठीक झालं, बटाटा उडाला नाही. पण लीड्सच्या बिऱ्हाडात पहिल्याच रात्री त्यानं रीतीप्रमाणं निम्मा बटाटा ठेवला. घरमालकिणीनं सगळ्यांदेखत विचारलं की माझ्या हातच्यात खोट आहे का. तिच्याकडे बटाटे मोजून येत होते, पावसुद्धा रेशनवर होता, आणि तिचा मुलगा लढाईत उपाशी राहून परत आलेला होता. ती रडली. त्या टेबलावर पानात टाकणारा तो एकटाच होता. त्यानंतर त्याला रोज आपली बशी आपणच धुवावी लागत होती आणि दर शनिवारी सगळ्यांचे बटाटे सोलावे लागत होते, आणि यातलं एकही काम त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटची ओळ अशी होती: 'मौलाला सांगा, चिठ्ठी मागू नये. त्याच्या शिकवणीनं माझी शोभा झाली.'

तिथं आल्यावर चारुशीलेचा आवाज उतरला, पण थांबायला उशीर झाला होता. गोदावरीबाई दारात येऊन उभ्या होत्या. आपलंच म्हणणं खरं झालं, हे बोलायला याहून चांगला दिवस त्यांना मिळणार नव्हता.

मौला खाली पाहत होता. तसाच तो म्हणाला, "मंग तितं खानसाम्याची पोरं काय खात्यात?"

चारुशीला म्हणाली की तिथं खानसामाच नाही.

"आमच्या तीन पोरी त्या निम्म्यावर वाढल्या बाईसाब," मौला गोदावरीबाईंना म्हणाला. "म्या म्हनलं, मोठी मानसं असंच करत्यात. शिकवायचं तर मोठ्या मानसाचं शिकवावं."

त्यानं जोडे घातले आणि तो गेला. रुमाल त्याच्या खिशातच होता.

त्या दुपारी गोदावरीबाईंनी स्वतः पत्र लिहायला घेतलं. एरवी त्या अण्णांच्या पत्राखाली 'सौ. गोदावरीचे अनेक आशीर्वाद' एवढंच लिहीत. आज त्यांनी पूर्ण पान लिहिलं. 'पानात टाकू नये हे तुला मी वीस वर्षे शिकवले. ते तू पंधरा दिवसांत विसरलास, यात मौलाचा दोष कोणता? निम्मे ठेवायला तुला सोपे गेले, कारण उरलेले कोण खातो हे बघायची तुला कधी गरज पडली नाही. मलाही पडली नव्हती. चिठ्ठी लिही. बटाटे सोलतोस हे वाचून बरे वाटले.' शेवटचं वाक्य अण्णांनी खोडायला सांगितलं. त्यांनी ते खोडलं नाही.

होळीच्या आधी चार दिवस चिठ्ठी आली. विद्यापीठाचं नाव छापलेला जाड कागद, वर शिक्क्यासारखं चित्र. मजकूर तीन ओळींचा, आणि मौलाचं नाव बरोबर लिहिलेलं. मौला ती घेऊन बंगल्यावर गेला. साहेबानं वरचं छापील नाव वाचलं, चित्रावर अंगठा फिरवून पाहिला आणि खालच्या ओळी न वाचताच कारकुनाकडे पाहून होकाराची मान हलवली.

मौलाला जागा मिळाली. पुढं ऑगस्टात बंगल्यावर आपलं निशाण लागलं आणि दुसरे नवे साहेब आले. ते टेबल भिंतीला लावून खाली मांडी घालून हातानं जेवत. भाजीचा शेवटचा कण भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेत. ताट इतकं लख्ख करून उठत की मौलाला ते विसळावंसं वाटत नसे. एकदा रस्त्यात गोदावरीबाईंनी विचारलं, साहेब कसे आहेत. मौला म्हणाला, "लय चांगलं हायत. तुमच्यावानी."

दिवाळीत गोदावरीबाईंनी कोनाड्यातली चिनी मातीची बशी करंज्यांनी भरून सदरबझारात पाठवली. बशी परत नको, असा निरोपही दिला. परत घेता येणार नव्हतीच. हे पाठवणारीला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक होतं, पण करंज्या ताज्या होत्या.

मौलानं बशी पुढ्यात घेतली. एक करंजी खाल्ली, दुसरी निम्मी खाल्ली आणि निम्मी बशीत ठेवून हात आवरला.

"आता कुनासाठनं ठिवताय?" सुगराबीनं विचारलं.

मग सुगराबीनं ती निम्मी उचलून स्वतःच खाल्ली.