अक्काची बंद केलेली गोळी

अक्काला पहिल्यांदा त्रास झाला तो काष्टीच्या बाजारात. वांगी निवडता निवडता ती मटकन खाली बसली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "आत कायतरी फडफडतंय." भाजीवालीने तिला पाणी पाजलं. कुणीतरी तिच्या मुलाला फोन लावला, पण तो कांद्याचा टेम्पो घेऊन वाशीच्या वाटेवर होता. त्याने मला फोन केला. शेजाऱ्यांनी तिला गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात आणलं आणि राहुरीहून मी तिथे पोचलो.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली. अक्का लग्न होऊन काष्टीला गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. मी दहावी तिच्या घरी राहून झालो, पुढे शिक्षक झालो, राहुरीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. हे सांगायचं कारण, पुढे जे घडलं ते अडाणीपणातून घडलं असं कुणी समजू नये.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी घाई केली नाही. ईसीजीचा कागद त्यांनी आमच्यासमोर पसरला.

"आजी, लहानपणी सांधे सुजायचे का तुमचे?"

"व्हय. गुडघं लई सुजायचं. आई निरगुडीचा पाला बांधायची."

"तेव्हाच हृदयाची एक झडप खराब झाली असणार. आता ती आखडली आहे. त्यामुळे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. ठोके अनियमित पडतात आणि रक्त आत साचतं. साचलं की गुठळी होते. ती मेंदूत गेली तर अंगावरून वारं जातं."

त्यांनी दोन मुख्य गोळ्या लिहून दिल्या. एक ठोक्यांची गती आवरायची, दुसरी रक्त पातळ ठेवायची. दुसरीसाठी दर महिन्याला रक्त तपासायचं होतं. मग त्यांनी पथ्य सांगितलं. मिशरी कायमची सोडायची, चहा कमी, मीठ कमी. पालेभाजी रोज साधारण सारखीच खायची. एकदम खूप नको आणि एकदम बंदही नको, कारण पालेभाजीमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम कमीजास्त होतो.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. एवढ्या जालीम गोळीला मेथीची जुडी भारी पडते, म्हणजे खरं औषध अन्नातच आहे, असा अर्थ मी काढला. वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

भाचा महिन्यातले पंधरा दिवस टेम्पोवर असायचा आणि त्याची बायको दोन लहान लेकरांत गुंतलेली, म्हणून अक्काला मी राहुरीला आणलं. मनातून मला आनंद झाला होता. तिने मला वाढवलं होतं. आता माझी पाळी आली होती.

मिशरी सोडवणं सगळ्यात अवघड गेलं. तव्यावर काळी करपवलेली तंबाखू कुटून ती लग्न झाल्यापासून दिवसातून चारदा हिरड्यांना लावायची. पहिले आठ दिवस तिचं डोकं ठणकायचं, घरात कुणाशी धड बोलायची नाही. एकदा माझ्या बायकोला तिच्या उशीच्या अभ्र्यात डबी सापडली. तिने डबीत भाजलेली बडीशेप भरून ती परत तिथेच ठेवली. अक्काने ती उघडली, बडीशेप पाहिली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. त्यानंतर तिने मिशरी मागितली नाही. सहा वेळचा चहा दोन वेळांवर आला. लोणचं आणि पापड ताटातून गेले. ती सकाळी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागली.

मी माझ्या बाजूने भर घालत गेलो. मोबाईलवर पाहून अर्जुनाची साल आणली. रोज सकाळी दुधात आणि पाण्यात ती उकळून, अर्धं आटवून, गाळून तिला द्यायचो. उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या, भिजवलेले काळे मनुके, दुपारी दुधीचा रस. दुधी आधी चाखून बघायचो, कडू निघाला तर टाकून द्यायचो. सकाळ-संध्याकाळ तिचं मनगट धरून घड्याळावर ठोके मोजायचो आणि वहीत लिहायचो. आली तेव्हा आकडे शंभराच्या पुढे असायचे. तीन महिन्यांत ते ऐंशीच्या आत आले. तिची धाप कमी झाली, चेहऱ्यावर तुकतुकी आली. गती आवरायची गोळी ती रोज घेतच होती, पण श्रेय मी सालीला दिलं. शेजारचे लोक विचारायला येऊ लागले आणि मी त्यांना सालीचं प्रमाण सांगू लागलो. आवाज आपोआप वर्गातला व्हायचा.

मग तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग दिसू लागले. त्या महिन्याच्या तपासणीत रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ झालेलं निघालं. दवाखान्यातून सांगितलं, दोन दिवस गोळी थांबवा, मग अर्धी सुरू करा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. आणखी काही घरगुती औषध चालू आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. लसूण काय, काढा काय, ते औषध आहे असं सांगितलं तर हा तरुण डॉक्टर हसेल असं मला वाटलं.

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी मी अर्धी गोळी तिच्या हातावर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "ही नको रं. हिच्यानं तोंड रगताचं हुतं. ती दुसरी घेते की मी."

मी थोडा वेळ विचार केला. खरंच केला, म्हणूनच जास्त खुपतं. लसूण रक्त पातळ करतो हे मी वाचलं होतं. ठोके आटोक्यात होते. मी म्हणालो, "बरं, आपण ही बंद करून बघू."

"तू म्हंशील तसं," ती म्हणाली.

बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "वन्सं बऱ्या दिसतात, चांगलंच आहे. पण बंद करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून करा."

"डॉक्टर कधी गोळी बंद करा म्हणतील का?"

ती परत स्वयंपाकघरात गेली. आठवड्याने सांगितलेल्या तपासणीलाही मी अक्काला नेलं नाही.

सात आठवडे काही झालं नाही. डाग फिके पडले, हिरड्या बऱ्या झाल्या. भाचा एकदा येऊन गेला, आईला पाहून खूश झाला. "मामा, तुम्ही तर कमाल केली," तो म्हणाला. गोळी बंद केल्याचं मी त्याला सांगितलं नाही.

त्या सकाळी ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. मी आत पेपर वाचत होतो. बायकोची हाक आली, नेहमीसारखीच, जरा घाईची. मी बाहेर आलो. अक्काच्या उजव्या हातातून जुडी गळून पडली होती आणि डाव्या हाताने ती उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचा प्रयत्न करत होती. तो पुन्हा घसरत होता. तोंडाचा एक कोपरा खाली आला होता. मी विचारलं, "अक्का, काय होतंय?" तिने माझ्याकडे बघून काहीतरी सांगितलं. ते शब्द नव्हते.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. पण तो शनिवार अमावास्येचा होता. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांनी नगरचा रस्ता भरून गेला होता. भोंगा वाजत होता, लोक वाट द्यायला बघत होते, पण सरकायला जागाच नव्हती. मी तिचा उजवा हात धरून बसलो होतो. सवयीने बोटं मनगटावर गेली. ठोके वेडेवाकडे पडत होते, कधी तीन एकदम, कधी मध्येच पोकळी. वहीत मी फक्त आकडा लिहीत आलो होतो. ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का, हे कधी लिहिलंच नव्हतं.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. गुठळीच होती. भाचा काष्टीहून आमच्याआधीच येऊन पोचला होता. अक्का खाटेवर होती, डोळे उघडे. तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "रक्त पातळ होण्याची गोळी चालू होती ना?"

भाचा माझ्याकडे बघत होता. बायको अजून बाहेर कागद भरत होती.

मी म्हणालो, "विसरायची ती. आम्ही देत होतो, पण कधीकधी तशीच ठेवायची."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. भाचा खाटेजवळ गेला, वाकला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, किती वेळा सांगितलं तुला. एवढी एक गोळी घेता येत न्हवती?"

अक्काने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या घशातून एक लांबट आवाज आला. भाच्याला वाटलं तिला दुखतंय. त्याने तिच्या कपाळावरून हात फिरवला.

बारा दिवसांनी तिला सोडलं आणि आम्ही तिला परत राहुरीला आणलं. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. एक शब्द तेवढा उरला होता, "व्हय". भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय. समजत मात्र तिला सगळं होतं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं. "आजींना सगळं कळतं. फक्त शब्द बाहेर येत नाहीत. त्यांच्यासमोर जपून बोला."

भाचा दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि माझ्या बायकोला विचारायचा, "आता तरी घेते का गोळी?" आठव्या-नवव्या फोननंतर बायको माझ्यासमोर येऊन बसली.

"मी आता हे ऐकू शकत नाही. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

पुढच्या रविवारी भाचा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. अक्काच्या खोलीतच सांगितलं, कारण खोटंही तिच्यासमोरच बोललो होतो. गोळी मी बंद केली, सात आठवडे, डॉक्टरांना न विचारता. ती विसरली नव्हती.

 तो म्हणाला, "मामा, गोळी बंद केली ते एकवेळ मी समजून घेईन. तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलं असणार. पण मी तिला रागावत हुतो अन् तुम्ही शेजारी उभं राहून ऐकत हुतात."

 त्याने आईचं अंथरूण आवरायला घेतलं. त्याच दिवशी तो तिला काष्टीला घेऊन गेला. गाडीत बसवताना अक्काने डावा हात माझ्या दिशेने केला. तो निरोप होता की आणखी काही, मला कळलं नाही.

मग मी एकटा डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, काढा, लसूण, वही, सगळं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिशरी सोडवलीत, चहा आणि मीठ कमी केलंत, त्याचा त्यांना फायदाच झाला. मीही तेच सांगितलं होतं. लसणाचं मात्र मला सांगायला हवं होतं, त्याने रक्त आणखी पातळ झालं असेल. पण लसूण त्या गोळीची जागा घेत नाही. त्या झडपेमुळे गुठळी होऊ न द्यायला आपल्याकडे तेवढी एकच गोष्ट होती."

अक्का आणखी अकरा महिने जगली. मी दर पंधरा दिवसांनी काष्टीला जायचो. भाचा घरी असला तर टेम्पो बघायला बाहेर निघून जायचा. अक्काची सून चहा द्यायची. मी अक्काजवळ बसायचो, तिचा उजवा हात तेल लावून चोळायचो. एकदा कुणी नसताना मी तिची माफी मागितली. ती "व्हय" म्हणाली. त्यानंतर सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिने विचारलं, "पानी देऊ का?" तेव्हाही अक्का तसंच "व्हय" म्हणाली, त्याच आवाजात.

तिला उन्हाळ्यात न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ती गेली. दहाव्याला मी पुरुषांत बसलो होतो. दूरचे एक पाहुणे जवळ सरकून म्हणाले, "गुरुजी, माझंबी काळीज मधीच धडधडतं. ती साल किती उकळायची?" मी त्यांना म्हणालो, आधी ईसीजी काढा, तंबाखू सोडा, आणि डॉक्टर जी गोळी देतील ती त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. त्यांनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने विचारलं, "पन किती उकळायची?"

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. भाचा वाईट वागत नाही. दिवाळीला लेकरांना आमच्याकडे पाठवतो. पण माझ्या मोबाईलवर तो फोन करत नाही. बायकोच्या मोबाईलवर करतो, आणि बोलणं झालं की काय काय बोलला ते ती मला सांगते.