शेवटच्या पानावरचा मासा
दमट पुस्तकाचा वास आला की गंगापूर रोडवरची ती छोटी लायब्ररी आठवते. वाचलेलं पुस्तक ओळखू यावं म्हणून तिथे प्रत्येक जण शेवटच्या पानावर आपली खूण करायचा. बारावीत मी जलपऱ्यांची एक इंग्रजी कादंबरी नेली. त्यांच्या बुडालेल्या शहरात बोलायलाच बंदी होती. शेवटच्या पानावर पेन्सिलीचा इवलासा मासा दिसला. माझ्या आवडीच्या प्रत्येक पुस्तकात तोच असायचा. मैत्रीण अशी मला नव्हतीच. आठवडाभर धीर गोळा करून लायब्ररीच्या काकांना विचारलं, “हा मासा कोण काढतं?” “अगं, ती चष्मेवाली! तुझ्या शेजारीच तर उभी असायची. दोघी मुक्या! परवाच कार्ड बंद करून गेली, वडिलांची बदली झाली.” मी त्या माशाशेजारी दुसरा मासा काढून पुस्तक परत केलं. आजही जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडते.